मेणावरची हाक

या, पण आत नको, उंबऱ्यावरच बसा. वीज गेलीय, ती आल्याशिवाय तुमचा रेडिओ काही बोलायचा नाही. हा कंदील मध्ये ठेवते. तुमच्या पायाशी लोखंडी वजन आहे ना, त्याला धक्का लावू नका. दार त्याच्याच जिवावर उघडं आहे. वारा असो, थंडी असो, हे दार सताड उघडं का, असं सगळे विचारतात आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. आज तुम्ही दारात बसलाच आहात, तर सांगून टाकते.

मी दुरुस्तीवाली. शिवणयंत्रं, भिंतीवरची घड्याळं, रेडिओ आणि कधीमधी चावीवर गाणारी जुनी यंत्रं. धंदा वडिलांचा. भावाने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला आणि पडला तो आवडूनही गेला. बडबड मात्र माझी स्वतःची. काम करताना समोर माणूस नसला तरी माझी टकळी चालू. यंत्राला दटावायचं, स्क्रूशी भांडायचं. नवरा म्हणायचा, सगळ्या यंत्रांना लगाम घालतेस, तेवढं तुझं तोंड राहिलं. आता तोच म्हणतो, अगं बोल की काहीतरी.

तर एका म्हाताऱ्या बाईंचा निरोप आला. घरी फोनोग्राफ आहे, मेणाच्या नळकांड्यांवर वाजणारा, टेबलाला पक्का ठोकलेला आहे, तेव्हा तुम्हालाच यावं लागेल. मला कोण आनंद झाला. असं यंत्र आयुष्यात फार वेळा हाताखाली येत नाही. सकाळची कामं उरकली, हत्यारांची पिशवी उचलली आणि निघाले.

घर गल्लीच्या टोकाला, बैठं, नीटनेटकं. दार उघडलं ते एका काटकुळ्या, ताठ बाईंनी. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडलेला. चालताना भिंतीवरून बोटं फिरवत चालायच्या. "मला सगळे अक्काच म्हणतात, तुम्हीही म्हणा," म्हणाल्या. डोळे गेल्यातच जमा होते, डावा कानही गेला होता, उजवा अजून शाबूत होता. तोही जायच्या आत एक गोष्ट ऐकायची राहिलीय, म्हणून मला बोलावलं होतं.

"यंत्र चांगलं नाही झालं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "त्यावर एक नळकांडं चढवलेलं आहे. त्यातला आवाज बाईचा आहे की बाप्याचा, एवढंच मला सांगा."

मला हसू आलं. मी म्हटलं, अक्का, एवढ्यासाठी दुरुस्तीवाली कशाला, शेजारीण पुरली असती. त्या हसल्या नाहीत. मी पुष्कळदा लावून पाहिलंय, म्हणाल्या, पण तो आवाज कशातच बसत नाही.

यंत्राची खोली स्वयंपाकघराला लागून होती. त्यांच्या धाकट्या भावाने, भाऊने, ती खास आवाज मुद्रित करण्यासाठी बांधून घेतली होती. खिडकी नाही, छताला एकच मिणमिणता दिवा. चारी भिंतींना आणि छताला जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, ठोकलेला. दारालाही आतून नमदा, गादीएवढा जाड, आणि दार असं टांगलेलं की सोडलं की आपल्या वजनाने लागायचं. हवेसाठी स्वयंपाकघराच्या भिंतीतून आरपार काढलेली एक पत्र्याची नळी, डोक्याच्या वर, मनगट जाईल एवढी, तोंडाला जाळी. त्या नळीच्या खालीच टेबल, टेबलावर यंत्र आणि यंत्राचा कर्णा वर नळीकडे तोंड करून. आत मेणाचा, लोकरीचा आणि बंद पेटीचा वास होता. मी सवयीने काहीतरी बोलले, तर शब्द तोंडासमोरच खाली पडला. असं वाटलं की कुणीतरी तोंडावर हलकेच हात ठेवला.

अशा खोलीत मला गुदमरतं. मी हत्यारांची पिशवी दारात अडकवली, दार उघडं राहील अशी. मोबाईल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, कारण एकदा चाचणीच्या ऐन वेळी तो वाजला होता आणि दचकून मी एका गिऱ्हाइकाच्या नळकांड्यावर ओरखडा पाडला होता. मग बाह्या सरसावल्या.

यंत्र गुणी होतं. फक्त हाल झाले होते. गिअरमधलं जुनं ग्रीस घट्ट होऊन दगड झालं होतं, ते रॉकेलने धुतलं. चामड्याचा पट्टा सुकून घसरत होता, नवा घातला. आवाज काढणाऱ्या अभ्रकाच्या चकतीखालचं रबर कडक झालं होतं, ते बदललं. नळकांड्यावर बुरशीचे पांढरे ठिपके होते, ते मऊ कुंचल्याने झटकले. मेणाला बाहेरून बोट लावायचं नसतं. दोन बोटं आत घालायची आणि फाकवून उचलायचं. शिवाय सुई दर फेरीला थोडं मेण खाते, म्हणजे जितक्या वेळा ऐकाल तितकं ते पुसत जातं. हे मी अक्कांना ओरडून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, माहीत आहे, म्हणून तर फार वेळ दवडू नका.

चावी भरली, सुई टेकवली. खरखर आली, मग एक लांब, जड भोंगा आणि त्यामागून आवाज. रजईत तोंड घालून कुणी बोलावं तसा, जाड, ओढलेला, मध्येच उंच होऊन पुन्हा बुडणारा. शब्द एकही कळेना. मी लगेच सुई उचलली. यंत्र हळू चालत होतं आणि एकसारखंही चालत नव्हतं. हळू चाललं की बाईचाही बाप्या होतो.

म्हणजे दुखणं गव्हर्नरमध्ये. गव्हर्नर म्हणजे यंत्राचा लगाम. तीन लवचीक पोलादी पट्ट्या, प्रत्येकीवर एक शिशाची गोळी. त्या गरगर फिरतात आणि वेग ताब्यात ठेवतात. मी झाकण काढलं तर तीनपैकी एक पट्टी मधोमध मोडलेली. आणि ती मुळातली नव्हतीच. बाकीच्या दोन पातळ, पिवळसर. ही जराशी जाड, निळसर, हाताने कापून, कानशीने घासून बसवलेली. कुणीतरी माझ्यासारख्यानेच वेळ निभावून नेली होती. मी मनात त्याला शाबासकी दिली आणि मोडका तुकडा खिशात टाकला.

तेवढ्यात अक्कांनी चहाला हाक मारली. चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, कपाच्या कडेवरून बोट फिरवत.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. घरात दोघंच, अक्का आणि भाऊ. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर अक्कांनीच त्याला वाढवलेला. एके दुपारी भाऊ खोलीत यंत्राशी खटपट करत होता आणि अक्का ओट्यापाशी होत्या. नळीतून त्यांना बाईचा आवाज आला. अक्का, दार उघडा, अक्का, मी आत आहे. अगदी घरच्यासारखी, नावाने हाक. घरात तर कुणी बाई आली नव्हती. अक्कांचं डोकं फिरलं. यानं मागच्या दाराने कुणाला तरी आत घेतलंय, तिला माझं घरातलं नावसुद्धा सांगितलंय आणि आता दोघं मिळून माझी चेष्टा करताहेत. त्यांनी फडक्याचा बोळा केला, स्टुलावर चढल्या आणि नळीत कोंबला. मग आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रागावून झोपल्या त्या झोपल्या. सकाळी खोली उघडली तेव्हा भाऊ दाराशी बसलेला होता, पाठ दाराला लावून, तोंड खोलीकडे. गेलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. आत दुसरं कुणी नव्हतं, आणि यंत्रावर हेच नळकांडं होतं, त्या दुपारी भरलेलं.

"दार त्याला आतून उघडता आलं नाही," अक्का म्हणाल्या. "का ते देवाला माहीत. बाई होती, तर ती गेली कुठून? आणि बाई नव्हती, तर मी काय ऐकलं? माझ्या डोक्यात भरलेलं ऐकलं असेल, तर मी त्याला फुकट मारलं."

मी म्हटलं, अक्का, वेग लावून देते, मग जे आहे ते ऐका. त्या म्हणाल्या, मी इथेच नळीखाली बसते. तुम्ही लावा, मी ऐकते.

आत आले. आता पट्टी हवी. पिशवीत तशी पट्टी नव्हती. दुकानात होती, पण परत जाऊन यायचं म्हणजे संध्याकाळ, आणि त्या बाईंना तेवढा वेळ पुन्हा ताटकळत ठेवणं माझ्या जिवावर आलं. अशा वेळी आमच्यासारख्यांची नजर आपोआप खोलीभर फिरते. काय कुठून काढता येईल? आणि ती दाराच्या कुलपावर जाऊन थांबली. आतल्या मुठीपासून कडीपर्यंत एक पोलादी पट्टी होती, मूठ फिरवली की ती कडी मागे ओढायची. तीच लवचीकता, जवळजवळ तीच रुंदी. दार तर उघडं होतं, पिशवी अडकवलेली होती. उद्या दुकानातून बरी पट्टी आणून ही पुन्हा बसवून देऊ, असं मी त्या दाराला मोठ्याने सांगितलंसुद्धा. दोन स्क्रू काढले, पट्टी हातात आली. मापाला कापली, भोक पाडलं, गोळी चढवली.

मग कडा घासायला बारीक कानस हवी होती. ती पिशवीच्या तळाशी. मी पिशवी उचलून टेबलावर आणली आणि घासत बसले.

दार लागल्याचा आवाज आला नाही. त्या खोलीत कशाचाच आवाज यायचा नाही.

भाऊ पद्धतीचा माणूस होता. प्रत्येक नळकांड्याच्या सुरुवातीला तो एका छोट्या पितळी पिपाणीचा सूर भरून ठेवायचा. पिपाणी यंत्राच्या खणातच होती. यंत्रातला सूर आणि हातातल्या पिपाणीचा सूर एक झाला की वेग बरोबर. मी चावी भरली, सुई टेकवली. मघाचा तो जड भोंगा आला. गव्हर्नरचा स्क्रू हळूहळू पिळला. भोंगा चढत गेला, चढत गेला आणि पिपाणीच्या सुरात अलगद मिसळला. मला फार बरं वाटलं. तो क्षण मला नेहमी आवडतो, अजूनही.

मग आवाज आला. स्वच्छ. बाईचा.

"अक्का… अक्का, ऐकताय ना? मी आत आहे… दार उघडा…"

लोकांना मुद्रित केलेला स्वतःचा आवाज परका वाटतो. मला नाही वाटत. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्रात मी स्वतः बोलून पाहते, माझा आवाज कर्ण्यातून कसा येतो ते मला नवऱ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शब्दाच्या शेवटी श्वास सोडायची खोड, 'ऐकताय'वरचा जोर. तो माझा आवाज होता. तीस वर्षांपूर्वी कोरलेल्या मेणावर. तेव्हा मी शाळेत होते.

"…मूठ नुसतीच फिरतेय… पट्टी मीच काढलीय, अक्का…"

मी सुई उचलली. मग मागे वळून पाहिलं तर दार बंद.

मूठ फिरवली. ती नुसतीच फिरली.

आधी मी स्वतःला दटावलं. घाबरायचं कारण नाही, अक्का भिंतीपलीकडे आहेत, बाहेरून कडी सरळ उघडते. दारावर थापा मारल्या. हात नमद्यात रुतायचा, आवाज म्हणून नाही. वर नळीत उजेडाचा गोल दिसत होता. तिच्याखाली उभी राहून मी हाक मारली. अक्का, अक्का, ऐकताय ना, मी आत आहे, दार उघडा. पुन्हा मारली, आणखी मोठ्याने. कुणी आलं नाही. मूठ नुसतीच फिरतेय, मी ओरडले, पट्टी मीच काढलीय, अक्का. आणि ते वाक्य तोंडातून निघताच मी गप्प झाले. मी एकेक शब्द तोच बोलत होते.

मग मला उमजलं की त्या का येत नाहीत. त्या ऐकत होत्या. त्यांना वाटत होतं, नळकांडं लागलंय. तीच बाई, तेच शब्द. मी जितकं ओरडेन तितकं त्यांना वाटणार, यंत्र छान दुरुस्त झालंय.

मी वेगळं काहीतरी बोलायचं ठरवलं. म्हटलं, अक्का, ही मी, दुरुस्तीवाली, मघाशी चहा घेतला ना आपण. पण आवाज चिरकला होता, शब्द त्या नमद्यात अर्धेच विरत होते, आणि मला कळेना की यातलं नळीपर्यंत काय पोचतंय. कदाचित फक्त अक्का, अक्का, एवढंच. भिंती जवळ आल्यासारख्या वाटू लागल्या. खिशात हात घातला तर मोडक्या पट्टीचा तुकडा लागला. बाहेर काढून पाहिला. निळसर, तीच रुंदी, माझ्या नव्या पट्टीचीच बहीण. भाऊनेही त्या दिवशी हेच केलं होतं. यंत्रासाठी दाराची पट्टी काढली होती, आणि दार मागे आपल्या वजनाने लागलं होतं. पुढे कुणीतरी कुलपाला नवी पट्टी बसवली, ती आज मी काढली.

नवी पट्टी पुन्हा कुलपाला लावावी म्हणून मी गव्हर्नरकडे धावले. पण ती मी कापली होती. बोटभर आखूड झाली होती, आता कडीपर्यंत पोचणार नव्हती. आणि तेवढ्यात नळीतला उजेड गेला.

बोळा. त्यांनी पुन्हा बोळा कोंबला. मला रडू फुटलं. खरं सांगते, मी जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखी रडले. तो माणूस या जागी रात्रभर बसला होता. त्यालाही असंच वाटलं असेल की भिंतीपलीकडे आपलं माणूस आहे आणि ते येत नाहीये. पाठ दाराला, तोंड खोलीकडे. खोलीकडे का? दार उघडायचं असेल तर माणूस दाराकडे तोंड करतो.

त्या विचारासरशी मी उठले. नळकांडं अजून संपलं नव्हतं. मी सुई मध्येच उचलली होती. बाईचा आवाज ऐकून अक्का दार उघडणार नव्हत्या, तेव्हाही नव्हतं उघडलं. पण पुढे मेणावर आणखी कुणी असेल तर? बोळ्यातून थोडंफार तरी जाईल. दुसरा काही मार्गही नव्हता. चावी शेवटपर्यंत भरली, कर्णा नळीला टेकेल इतका वर केला आणि सुई जिथून उचलली होती तिथेच ठेवली.

माझा आवाज पुन्हा सुरू झाला. दार उघडा. मग ते रडणं, मघाचंच, हुबेहूब. मग बराच वेळ खरखर. मग माझाच आवाज, पण दमलेला, अगदी हळू, जवळून. भाऊला नावाने हाक मारून दार न लावण्याची विनवणी करणारा. त्या वेळी मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही, माझा जीव पुढच्या आवाजात अडकला होता.

आणि पुरुषाचा आवाज आला. घाबरलेला, कर्ण्याला तोंड लावून बोललेला.

"कोण आहे?… कोण आहे इथे?"

खरखर.

"अक्का, दार उघड. अक्का… इथे कुणीतरी आहे…"

सुई शेवटाला पोचली आणि यंत्र रिकामं फिरू लागलं. नळीतला उजेड एकदम परत आला. पलीकडे काहीतरी पडलं. नंतर कळलं, स्टूल होतं. बोळा नव्हताच. अक्का स्टुलावर चढून आपला चांगला कान नळीला लावून उभ्या होत्या.

दार उघडलं. मी जवळजवळ त्यांच्या अंगावरच कोसळले. त्यांनी मला धरलं, आणि मग त्यांचे हात थिजले. माझ्या तोंडून निघालं होतं, "अक्का." नळीमधून नाही, समोरासमोर, त्याच चिरक्या आवाजात.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली. ओल्या गालांवरून, ओठांवरून.

"ती तुम्ही होतात," त्या म्हणाल्या.

मी त्यांची बोटं हातात धरली.

"त्यानं मला हाक मारली होती. बोळा कोंबल्यावर मारली असेल." मग मुळीच न रागावता, "घाबरला हो तो तुम्हाला."

मला वाटलं, आता त्या दार लावतील. पण त्यांनी लावलं नाही. हाताने पुरं उघडून धरलं आणि भिंतीला चिकटून बाजूला उभ्या राहिल्या, वाट देतात तशा. मी तर केव्हाच बाहेर आले होते. त्या तशाच उभ्या राहिल्या, मान जराशी वळवत, अगदी सावकाश, खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून बाहेरच्या दारापर्यंत. दृष्टी गेलेले ते डोळे कुणाच्या तरी पाठीमागे गेले. मग त्यांनी खोलीचं दार सोडलं. ते आपल्या वजनाने लागलं.

हत्यारं मी तिथेच टाकून आले. ती अक्कांनी नंतर पाठवून दिली, पुसून, तेल लावून. त्या आता सुखी आहेत, असं शेजारी सांगतात. दुपारी ओट्याशी गुणगुणत असतात. त्यांच्या घरात आता काही नाही, याची मला खात्री आहे. कारण ते माझ्यामागे निघालं. अंधारलेल्या खोलीत तीस वर्षं एकच आवाज ऐकलेला माणूस त्या आवाजामागे जाणार नाही तर कुठे जाईल?

हे दुकान पूर्वी असं नव्हतं. आता मी एकटी असले आणि कामात गढले की ते दार सरकतं. आपटत नाही, वाऱ्याने लागावं तसंही नाही. हलकेच, काळजीने, आत ध्वनिमुद्रण चाललंय आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून लावतात तसं. वजन बाजूला उचलून ठेवलेलं असतं, भिंतीशी नीट. मी उठून दार उघडते, वजन लावते आणि पुन्हा बसते. तोंडातून शब्द काढत नाही. म्हणून ही एवढी शांतता, म्हणून नवरा काळजीत.

कारण त्या नळकांड्यावर जे जे मी बोलले ते सगळं त्या दिवशी त्या खोलीत माझ्या तोंडून निघालं होतं. हाका निघाल्या, पट्टीचं निघालं, रडणंसुद्धा. फक्त एक वाक्य निघालं नव्हतं. भाऊला केलेल्या विनवणीचं ते, ते मी अजून बोललेच नाहीये, आत्ता तुम्हालाही शब्दशः सांगितलं नाही. ते ऐकून तो घाबरला होता, आणि ते ऐकूनच त्याने दाराला पाठ लावली होती. दर वेळी दार सरकलं की ते जिभेच्या टोकावर येतं. अगदी साधं वाक्य आहे, कुणीही सहज बोलून जाईल असं. मी ओठ मिटून ते गिळते. किती दिवस गिळता येईल ते माहीत नाही.

आली वाटतं वीज… नाही, आपलाच कंदील फडफडला. द्या तुमचा रेडिओ इकडे.

पण तुम्ही जरा पाय बाजूला घ्याल का? आणि हे वजन… ते भिंतीशी तुम्ही ठेवलंत?